स्पंजाएवढं अंतर

हेडफोनबद्दल लिहिणारे लोक साधारण दोन गटांतले असतात. एक, ज्यांच्या डोक्यावर लाखाची यंत्रं असतात आणि जे आवाजाचं वर्णन अत्तरासारखं करतात. दुसरे, 'हल्लीची पिढी कानात बोळे घालून हिंडते, हाक मारली तर ओ देत नाही' म्हणणारे. पहिल्या गटात जायला माझ्याकडे पैसे नाहीत. दुसऱ्या गटात जायचं वय झालंय, पण तोंड नाही. कारण रोज रात्री साडेनऊला स्वयंपाकघर आवरलं की मीही कानाला लावून बसते. तेव्हा आजचं लिखाण या दोघांच्या मधलं आहे. स्वस्त, हलक्या, कानावर नुसत्या टेकणाऱ्या हेडफोनबद्दल. आणि घरी बसून त्यांच्याशी जी खुडबुड करता येते तिच्याबद्दल.

माझ्याकडे आहे तो कॉस पोर्टा प्रो. फोटोत तरी तुम्ही पाहिला असेल. डोक्यावरून जाणाऱ्या, एकमेकींवर सरकणाऱ्या पत्र्याच्या दोन पातळ पट्ट्या, कानावर टेकणाऱ्या काळ्या स्पंजाच्या दोन गोल गाद्या, आणि थोडं वर, कानशिलावर बसणाऱ्या आणखी दोन चिमुकल्या गाद्या. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातल्या कॉस कंपनीने हा १९८४ साली बाजारात आणला, आणि तेव्हापासून त्याचं मूळ रूप जवळजवळ तेच आहे. हातात घेतला तर खेळण्यातला वाटतो. मिलवॉकीपासून गाडीने दीड तासावर, शिकागोला राहणारा माझा भाचा एकदा येताना घेऊन आला. 'मावशी, हा घालून बघ, हसू नकोस' असं म्हणून त्याने तो दिला आणि मी अर्थातच हसले.

खरं तर त्याच्या आधीच्या खेपेला त्याने मला चांगला महागातला हेडफोन आणला होता. बाहेरचा गोंगाट बंद करणारा. त्यात छोटे माइक असतात, ते बाहेरचा आवाज ऐकतात आणि आतलं सर्किट त्याच्या बरोबर उलटी लहर तयार करून तो आवाज पुसून टाकतं. विमानाची घरघर, पंख्याची गुणगुण असले सलग, खर्जातले आवाज तर जादूसारखे नाहीसे होतात. वर कान पूर्ण झाकणाऱ्या जाड गाद्या, म्हणजे उरलेले आवाजही बाहेरच. दुपारी पाच मिनिटं घालून पाहिला. कुकरच्या शिट्ट्या नाहीत, खालची भांडणं नाहीत, काही नाही. फार सुंदर वस्तू आहे. काढून डब्यात ठेवली आणि परत जाताना त्याच्याच बॅगेत घातली.

कारण असं आहे, की २०२१ मध्ये आईचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, आता ती वॉकर घेऊन घरातल्या घरात फिरते. पण रात्री उठायचं असलं की कुणीतरी जवळ लागतं, आणि ते कुणीतरी म्हणजे मी. आता आमची आई मोठ्याने हाक मारत नाही. जन्मात कधी मारली नाही. पलंगाच्या लोखंडी दांडीवर ती हातातली बांगडी वाजवते, दोनदा. टिक टिक. बस्स. तेवढा आवाज मला पलीकडच्या खोलीत ऐकू यायला हवा. दिवसभराची नोकरी, आईचं सगळं, आणि मग रात्री तास-दीड तास मिळणारं गाणं, हे तीनही टिकवायचं तर मला असा हेडफोन हवा होता जो गाणं ऐकवेल पण घर बंद करणार नाही. तो हा खेळण्यातला निघाला.

आता थोडं मागे जाऊ. १ जुलै १९७९ रोजी सोनीने जपानमध्ये पहिला वॉकमन विकायला काढला. त्याच्याबरोबर आलेला हेडफोन पन्नास ग्रॅमच्या आसपासचा होता, स्पंजाच्या गाद्यांचा. त्या आधीचे हेडफोन म्हणजे डोक्यावर वीट ठेवल्यासारखे. चालता चालता गाणं ऐकायची कल्पना प्रत्यक्षात आली ती यंत्र लहान झालं म्हणून, तितकीच हेडफोन हलका झाला म्हणूनही. पण मला त्या पहिल्या वॉकमनची वेगळीच गोष्ट आवडते. त्याला हेडफोन लावायच्या खोबण्या दोन होत्या आणि वर एक नारिंगी बटण होतं. ते दाबलं की गाण्याचा आवाज खाली यायचा आणि यंत्रातल्या माइकमधून शेजारच्याचं बोलणं कानात ऐकू यायचं. सोनीचे अकिओ मोरिता यांना एकट्याने कान बंद करून ऐकणं असभ्यपणाचं वाटत होतं, म्हणून ही सोय. लोकांना मात्र ती नको होती. लोकांना एकट्यानेच ऐकायचं होतं. १९८१ च्या पुढच्या मॉडेलमध्ये ते नारिंगी बटण गेलं.

हे वाचलं तेव्हा माझ्या डोक्यात आलं, की बटण गेलं खरं, पण स्पंज राहिला की! ते बटण जे काम करत होतं तेच काम हा स्पंज, न दाबता, सतत करत असतो.

याला उघडी रचना म्हणतात. जर्मनीच्या सेनहायझर कंपनीने १९६८ साली एचडी ४१४ नावाचा पिवळ्या स्पंजाचा हेडफोन काढला, तिथून ही तऱ्हा रूढ झाली. चकतीच्या मागची बाजू बंद डबीत न कोंडता मोकळी सोडायची आणि पुढे कानावर नुसता स्पंज. हवा आरपार. त्यामुळे आवाज डोक्यात कोंडल्यासारखा न वाटता जरा आजूबाजूला पसरल्यासारखा वाटतो, कान घामेजत नाहीत, आणि बाहेरचं जग आत येतं. याची किंमतही असते. खालचा खर्ज, म्हणजे तबल्याच्या डग्ग्याचा घुमार, टिकायला कानाभोवती हवा अडलेली असावी लागते. इथे ती निसटते. पोर्टा प्रोमध्ये यावर उपाय म्हणून खर्जाचा वरचा भाग मुद्दाम थोडा उचललेला आहे. त्यामुळे अगदी तळाचा सूर नसला तरी पोट रिकामं वाटत नाही. पुणेरी भाषेत सांगायचं तर, भाजीत खोबरं नाही पण दाण्याचं कूट आहे.

आणि बांगडीचा आवाज? तो वरच्या पट्टीतला, टोकदार. स्पंज त्याला अडवूच शकत नाही. मन्सूरांचा आलाप चालू असतानाही टिक टिक स्पष्ट येतं.

तर आता खुडबुडीकडे.

पहिली गोष्ट, गाद्या. हा स्पंज कायमचा नसतो. आपल्याकडच्या दमट हवेत आणि डोक्याच्या तेलात वर्ष-दोन वर्षांत त्याचा भुगा व्हायला लागतो. बदलायला काही लागत नाही. जुनी गादी ओढून काढायची, नवीन गादीची कड चकतीच्या काठावरून मोज्यासारखी चढवायची. व्यास साधारण पाच सेंटीमीटर. तपकीर गल्लीत दहा दुकानं फिरलात तर कुठेतरी मिळतात, ऑनलाइन तर मिळतातच.

दुसरी गोष्ट नाण्याची. गादीचा जो भाग चकतीच्या अगदी समोर येतो, तो वरच्या पट्टीतले सूर थोडे पिऊन टाकतो. म्हणून हौशी लोक गादीच्या मधोमध नाण्याएवढं गोल भोक पाडतात. अमेरिकेत त्यासाठी क्वार्टर, म्हणजे पंचवीस सेंटचं नाणं वापरायची पद्धत आहे. त्याचा व्यास २४.२६ मिलिमीटर. आता क्वार्टर कुठून आणायचा? पण आपलं १९९२ पासून निघालेलं स्टीलचं जुनं रुपयाचं नाणं २५ मिलिमीटरचं होतं. फरक पाऊण मिलिमीटरचा! (२०११ च्या मालिकेतला रुपया मात्र लहान आहे, तो घेऊ नका.) नाणं गादीवर ठेवून पेनाने गोल काढायचा, गादी आतून उलटी करायची आणि नखं कापायच्या बारीक कात्रीने हळूहळू कापायचं. कड सगळी राहू द्यायची, कारण चकतीला कानापासून लांब तीच ठेवते.

हे केल्यावर तानपुऱ्याची जवारी एकदम पुढे येते. काचेवरची वाफ पुसावी तसं. मला फार आवडलं. पण मग मी माणिक वर्मांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका लावल्या, ज्या आईला आणि मला दोघींनाही प्रिय आहेत, आणि तिथे गंमत झाली. गाण्याबरोबर तबकडीची खरखरही तितकीच पुढे आली. जुनी ७८ आरपीएमची ध्वनिमुद्रणं. त्यात फार वरचे सूर मुळातच नाहीत. वरच्या भागात आहे ते सुईचं घासणं. तिथे अख्खा स्पंजच बरा. तो खरखर गिळतो आणि गळा तेवढा ठेवतो. म्हणून माझ्याकडे गाद्यांच्या दोन जोड्या आहेत, एक भोकाची आणि एक बिनभोकाची, आणि आज काय ऐकायचं त्यावर कुठली चढवायची ते ठरतं. 'सुधारणा' हा शब्द आपण फार सहज वापरतो. बऱ्याचदा ती सुधारणा नसते, जुळवणी असते. कोणासाठी, कशासाठी, हे विचारल्याशिवाय ती बरी की वाईट हे सांगताच येत नाही.

तिसरी गोष्ट बायकांना जास्त कळेल. त्या पत्र्याच्या सरकत्या पट्ट्यांत केस अडकतात. काढताना दोन-चार उपटूनच येतात. यावर इलाज म्हणजे पट्टीवर कापडी खोळ. ती कुणी शिवली ते पुढे सांगते.

चौथी, वायर. ही बारीक असते आणि पिनेपाशी वाकून वाकून आतून तुटते. मग एक कान जातो, वायर विशिष्ट कोनात धरली की परत येतो, हा अनुभव सगळ्यांनाच असेल. पिन कापायची, नवी साडेतीन मिलिमीटरची पिन आणायची आणि डाग द्यायचा. आतल्या केसासारख्या तारांवर रंगीत लाखेसारखा थर असतो. तो गेल्याशिवाय कथील धरत नाही. सोल्डरिंगच्या टोकावर कथलाचा थेंब घेऊन त्यात तारेचं टोक थोडा वेळ धरलं की थर जळून तार चकचकीत होते. बहुतेक वेळा लाल उजव्या कानाची, हिरवी किंवा निळी डाव्या कानाची आणि तांब्याच्या रंगाची दोन्हीची सामाईक असते, पण मल्टिमीटरने पाहून घ्यावं. जोडून झाल्यावर एकट्या माणसाचं बोलणं लावून ऐकायचं. आवाज डोक्याच्या बरोबर मध्यावर ऐकू आला तर ठीक. तो मध्यावर न राहता दोन्हीकडे विस्कटला आणि खर्ज पातळ झाला, तर एका कानाच्या तारा उलट्या लागल्यात असं समजायचं.

चकतीच्या पुढच्या प्लास्टिकच्या जाळीला ड्रिलने जादा भोकं पाडणारेही लोक आहेत. मी त्या वाटेला गेले नाही. मागे लोहचुंबक बसलेलं असतं, ते ड्रिलचं स्टीलचं टोक स्वतःकडे ओढतं, आणि मधे कागदाहून पातळ पडदा. कात्री आणि सुईपर्यंत माझी धाव.

सुईवरून आईकडे येते.

आईने आयुष्यभर शिवण केलं. फॉल-बीडिंग, ब्लाउज, नातवंडांची झबली. ऑपरेशननंतर मशीनवर बसणं संपलं आणि हातांना काही कामच उरलं नाही. हे ती बोलून दाखवत नव्हती. नुसती चादरीची कड बोटांत घेऊन दुमडत बसायची. एके दिवशी मी हेडफोनची पट्टी केस ओढते म्हणून कुरकुरत होते, तर म्हणाली, 'आण इकडे.' जुन्या मऊ सुती साडीचा तुकडा मागितला आणि हाताने, बारीक धावदोऱ्याने, तासाभरात खोळ शिवून दिली. पट्टी आत सरकायला जागा ठेवून! मी सांगितलं नव्हतं. तिने दोनदा पट्टी उघडझाक करून बघितलं आणि तिचं तिला कळलं.

मग मला सुचलं ते तिच्यासाठी. कॉसचाच केएससी ७५ म्हणून एक प्रकार आहे, पोर्टा प्रोहूनही स्वस्त, अमेरिकेत वीस डॉलरच्या आसपास मिळणारा. त्याला डोक्यावरची पट्टीच नाही. प्रत्येक कानाला वेगळी क्लिप, आणि क्लिपमधून चकती टक करून निघते. हौशी लोक त्या चकत्या काढून दुसऱ्या हेडफोनच्या पट्टीला लावतात. आईला क्लिपा चालेनात, चश्म्याच्या काड्या मधे येत होत्या. पट्टीवाला चालेना, पाठीशी दोन उशा घेऊन टेकलं की पट्टी मागे टोचायची. म्हणून मी चकत्या काढून तिच्या हातात दिल्या आणि म्हटलं, 'यांना डोक्याला बांधायचं काहीतरी कर.'

तिला दोन दिवस लागले. मलमलची दुहेरी पट्टी, कानाच्या जागी दोन खिसे, मागे थोडं इलॅस्टिक, आणि वायर बाहेर यायला काजं. उजवा कोणता ते कळावं म्हणून तिकडे लाल दोऱ्याचा टाका. पहिल्यांदा इलॅस्टिक सैल झालं. चकती कानापासून जरा लांब राहिली की खर्ज लगेच गळतो, आणि तिने ऐकून सांगितलं, 'तबला लांब गेलाय गं.' मग इलॅस्टिक दोन बोटं आत घेतलं. आता जास्त घट्ट, कान दुखेल. मग एक बोट सोडलं. तबला जागेवर आला. आवाजाच्या शास्त्रात लोक यासाठी यंत्रं लावून आलेख काढतात. आमच्याकडे ते ब्लाउजच्या मापासारखं झालं.

त्यानंतर तपकीर गल्लीतूनच एक दोन तोंडांचा जोड आणला. एका पिनेत दोन हेडफोन, आणि प्रत्येक बाजूला आवाज कमी-जास्त करायचं छोटं चाक, कारण आईला माझ्यापेक्षा थोडा मोठा लागतो. दोन्ही हेडफोन साठ ओहमचे. एकत्र जोडले की तीस होतात, आणि साध्या फोनलाही तेवढं ओढायला जड जात नाही. (फोनला हेडफोनची खोबण नसेल तर मधे एक छोटी शेपटी लागते, तिचा खर्च धरा.) आता आठवड्यातून तीन-चारदा रात्री आम्ही एकाच फोनवर दोघी ऐकतो. मधेच ती काहीतरी बोलते. मला ऐकू येतं. मी काहीतरी बोलते. तिला बहुतेक ऐकू येतं. वॉकमनच्या दोन खोबण्या आणि नारिंगी बटण, दोन्ही घरात आले, म्हणायला हरकत नाही.

तोटेही सांगायला हवेत, नाहीतर ही जाहिरात होईल. बसमध्ये, रस्त्यावर हा हेडफोन निरुपयोगी आहे. बाहेरचा गोंगाट आत येतो आणि त्यावर मात करायला आपण आवाज वाढवत नेतो. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी सुचवलेली मर्यादा ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास अशी आहे. पुण्याच्या रहदारीत स्पंज लावून फिरलात तर ती कधी ओलांडली ते कळणारही नाही. शिवाय आतलं बाहेरही जातं. शांत खोलीत शेजारी बसलेल्याला तुमचं गाणं मच्छरासारखं ऐकू येतं. हा घराचा हेडफोन आहे. आणि तेही अशा घराचा, जिथल्या आवाजांचा राग येत नाही.

कधीकधी येतो, खोटं कशाला बोलू. एखाद्या रात्री वाटतं, तो महागाचा असता तर एक तास, फक्त एक तास, कुणाचंही काही ऐकू आलं नसतं. असं वाटण्यात काही पाप आहे असं मला आता वाटत नाही. आजारी माणसाजवळ राहणाऱ्या प्रत्येकाला ते वाटत असणार, फक्त कोणी लिहीत नाही. पूर्ण बंद कान आणि पूर्ण उघडे कान, दोन्ही मला झेपणारे नव्हते. मधलं काहीतरी हवं होतं. ते मधलं काहीतरी विकत फारसं मिळत नाही, विकत मिळतो तो कच्चा माल. उरलेलं कात्रीने, कथलाने, सुईदोऱ्याने आपल्या मापाचं करून घ्यावं लागतं. आणि वस्तू स्वस्त असली की तिला कात्री लावायला हात धजतो, हाही तिचा एक गुणच.

असो. गाद्यांची नवी जोडी आली आहे. जुना रुपया देवघरातल्या डबीत आहे, तो तेवढा शोधायचा आहे.